निळ्या पट्टीखालचा गजरा

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. पण संगणक म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जे येते, ते मी नव्हे. मला खेळ खेळता येत नाहीत, चित्रे काढता येत नाहीत आणि आकडेमोडीचे तर नावच नको. मला एकच काम येत असे. टीव्हीच्या पडद्याच्या तळाशी निळी पट्टी धरायची आणि तिच्यावरून अक्षरे उजवीकडून डावीकडे चालवत न्यायची. सिनेमा ऐन रंगात आलेला असताना खालून साड्यांचा सेल सरकत जातो आणि घरातले सगळे वैतागतात, तो सेल चालवणारा मीच. म्हणजे तुम्ही मला पाहिले नसले, तरी मला शिव्या नक्की दिल्या असतील.

माझा जन्म बेंगळुरूच्या एस. पी. रोडवर, एका अरुंद दुकानात झाला. जन्म कसला, एकाचे धड आणि दुसऱ्याचे डोके आणून जुळवले, झाले. कुठल्या तरी कचेरीने काढून टाकलेला कीबोर्ड, दुसऱ्या कुणाचा तरी डबा आणि चालत्या चित्रावर अक्षरे चढवणारे एक कार्ड, एवढे मिळून मी. दुकानदाराने मला चालू करून दाखवले तेव्हा कन्नडमध्ये 'सुस्वागत' असे माझ्यावरून सरकत गेले, आणि समोर उभे असलेले विठोजी तोंडाचा आ करून बघत राहिले. त्यांनी मला ऑटोत मांडीवर घेऊन बनशंकरी भागात, आपल्या घरी आणले. वाटेत प्रत्येक खड्ड्याला ते मला दोन्ही हातांनी घट्ट धरत होते. तेवढे लाड पुढे कुणी केले नाहीत.

विठोजी केबल चालवत. त्याआधी त्यांचे व्हिडिओ कॅसेट भाड्याने देण्याचे दुकान होते. एकाच सिनेमासाठी गिऱ्हाइके भांडू लागली, तेव्हा त्यांच्या मनात आले, की कॅसेट घरोघर पाठवण्यापेक्षा आपणच लावावी आणि तारेने सगळ्यांच्या घरी पोचवावी. त्यांनी गच्चीवर पत्र्याची खोली बांधली. तिला सगळे कंट्रोल रूम म्हणत. नाव मोठे, आणि आत एक कुरकुरणारा पंखा, दोन व्हीसीआर, एक टीव्ही, तारांचा गुंता, एक वेताची खुर्ची आणि एका टेबलावर मी.

विठोजींच्या घराण्याला इकडे येऊन काही शतके लोटली होती. घरात मराठी, दारात कन्नड अशी त्यांची रीत. मराठी बोलायचे, पण लिहायची वेळ आली की अक्षरे कन्नड काढायची, कारण शाळेत तीच शिकवली. मलाही इंग्रजी आणि कन्नड अक्षरेच येत होती, नागरी येत नव्हती. त्यामुळे आमचे बरे जमले. गल्लीतल्या जुन्या मराठी घरांसाठी एखादी ओळ असली, की ती मराठी बोलीत आणि कन्नड अक्षरांत माझ्यावरून धावायची. बाहेरच्याला ते कन्नड वाटे आणि कन्नड माणसाला काही उमगत नसे. पण ज्यांच्यासाठी ती असे, ते हातातले काम सोडून वाचत.

जाहिराती आपण लिहू असे विठोजींना वाटले होते. पण तारा ओढून ओढून त्यांची बोटे राठ झालेली, ते एक कळ दाबायला जात आणि तीन दाबल्या जात. शेवटी त्यांची बायको अंबुबाई वर आल्या. स्वयंपाक उरकून, पदराला हात पुसून त्या माझ्यासमोर बसत आणि एका बोटाने एकेक अक्षर दाबत. माझ्या कळांना बरीच वर्षे हिंगाचा वास होता. त्यांनीच पट्टीचा रंग निळा ठेवला, कारण त्यांना निळा आवडे, आणि त्यांनीच एक नियमही केला. जे आपण स्वतः वापरून पाहिले नाही, त्याची पट्टी लावायची नाही.

मित्रांनो, जगात असा जाहिरातवाला तुम्ही ऐकला आहे का? मी तरी नाही. प्रतापराव मिक्सर दुरुस्त करत. ते जाहिरात द्यायला जिना चढून आले, तर अंबुबाईंनी घरातला बिघडलेला मिक्सर त्यांच्यापुढे ठेवला.

"अक्का, मी केलेला मिक्सर मग वर्षभर बघायला नको. सांगतोय की मी."

"तुम्ही सांगता ते सरी, ठीक आहे," अंबुबाई म्हणाल्या. "पण उद्या तो बंद पडला तर लोक तुम्हाला बोलणार नाहीत, मला बोलतील. स्वल्प वापरून बघू दे."

त्या 'स्वल्प'मध्ये महिना गेला. मिक्सर टिकला, तेव्हा पट्टी लागली. मानसिंग शिंप्याने अंबुबाईंचे पोलके शिवले ते दंडात घट्ट झाले. त्याने ते उसवून पुन्हा शिवेपर्यंत त्याची जाहिरात टेबलावरच पडून होती. भीमाचार्यांनी पूजा सांगायला येतो अशी जाहिरात दिली, तेव्हा अंबुबाईंनी घरी सत्यनारायणच घातला आणि आचार्यांनी घाईत कथेचा एक अध्याय गाळला तो स्वतःच्या कानांनी ऐकला. आचार्यांना पुन्हा मागे जावे लागले. एका गणिताच्या सरांची जाहिरात मात्र कधीच लागली नाही. अंबुबाईंनी त्यांच्याकडे आपल्या मुलाला, अभिमन्यूला पाठवले होते आणि अभिमन्यूचे गणित होते तिथेच राहिले. दोष सरांचा होता की अभिमन्यूचा, हे मला आजही सांगता यायचे नाही.

हळूहळू सगळ्या भागाला हा नियम ठाऊक झाला. भाजी घेताना बायका विचारत, "पट्टीवर आलंय का?" आणि दुकानदार छाती फुगवून "हो" म्हणत. सिनेमा बघणारे माझ्यावर वैतागत ते वैतागतच, पण वाचतही. मला त्याचा फार अभिमान वाटायचा. बोट अंबुबाईंचे असले तरी अक्षरे तर मी चालवत होतो.

आता कृष्णाबाईंविषयी सांगतो, कारण ही गोष्ट खरे तर त्यांचीच आहे.

मागच्या गल्लीत कृष्णाबाई आणि त्यांचे यजमान त्रिविक्रमराव राहत. ते सरकारी कचेरीत कारकून होते आणि पेटी वाजवून गात. गल्लीच्या गणपतीत विसर्जनाच्या दिवशी ते स्वतः रचलेले एक पद म्हणत. सगळी गल्ली 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणत असताना हा गृहस्थ देवाला थांबवून धरायला बघे. 'स्वल्प थांब रे देवा, स्वल्प थांब, अजून जळते वात, स्वल्प थांब.' आमच्या बेंगळुरूत 'थोडे'साठी पावलोपावली 'स्वल्प' म्हणतात, दुकानदारही म्हणतो आणि ऑटोवालाही. तोच शब्द त्यांनी देवापुढे ठेवला होता. ते गात, आणि त्यांच्या पायाशी बसून कृष्णाबाई झांजा धरत. केसांत अबोलीचा गजरा, आणि मान खाली.

पंच्याण्णव सालच्या गणपतीत विठोजींनी ते पद आपल्या कॅमेऱ्याने टिपले आणि त्याच संध्याकाळी चॅनेलवर लावले. आपली माणसे टीव्हीवर दिसतात याचे लोकांना केवढे अप्रूप. खाली माझी निळी पट्टी नेहमीप्रमाणे चालली होती. कुणाला त्यात काही वावगे वाटले नाही, मलाही नाही.

पुढचा गणपती त्रिविक्रमरावांना दिसला नाही. ते थंडीतच गेले.

विठोजींच्या धंद्यात एकाच कॅसेटवर पुन्हापुन्हा रेकॉर्ड करायची सवय होती. नवीन कॅसेट कोण सारखी विकत घेणार? पण ती एक कॅसेट त्यांनी बाजूला काढली आणि नेऊन कृष्णाबाईंच्या हातात दिली. त्यांच्याकडे ना व्हीसीआर, ना तो चालवता येत होता. मग एक रिवाजच पडला. दर वर्षी विसर्जनाच्या दिवशी कृष्णाबाई कापडी पिशवीत कॅसेट घेऊन जिना चढत, वेताच्या खुर्चीवर बसत, विठोजी पद लावत आणि सगळा भाग आपापल्या घरी ते बघे. पद संपले की कॅसेट पुन्हा पिशवीत जाई. तेवढ्या वेळापुरती अंबुबाई माझी पट्टी बंद ठेवत.

"जाहिरात थांबेल स्वल्प," त्या म्हणत. "त्यांना पूर्ण दिसू दे."

मी रिकामा राहून बघत असे. त्रिविक्रमराव गाता गाता मध्येच खाली, कृष्णाबाईंकडे बघत आणि ताल बरोबर आहे ना, असे डोळ्यांनी विचारत. कृष्णाबाई खुर्चीतून त्यांना मान हलवून होकार देत. त्या पडद्यावरही मान हलवत आणि खोलीतही.

त्यांची एकुलती एक मुलगी, रम्या, लग्न होऊन अमेरिकेला गेली होती. वडील गेले तेव्हा तिला येता आले नाही. ते पद तिने टीव्हीवर एकदाही पाहिलेले नव्हते. कृष्णाबाईंच्या मनात हा एक सल होता, आणि पुढचे सगळे त्या सलातूनच घडले.

दिवस पालटत होते. आकाशातून येणारे चॅनेल वाढले. त्यांच्या जाहिराती गोऱ्यागोमट्या, गाण्याबजावण्याच्या. त्यांच्यापुढे माझी सरकती अक्षरे म्हणजे लग्नाच्या पंगतीतला गावंढळ पाहुणा. ते एक वेळ मी सोसले असते. पण अठ्ठ्याण्णव साली अभिमन्यूने खाली, जुन्या कॅसेटच्या दुकानात, ब्राउझिंग सेंटर काढले. लाकडी खोपट्यांत चकचकीत संगणक मांडले. फोनच्या तारेतून किरकिर आवाज यायचा आणि मग म्हणे सगळे जग उघडायचे. पोरे रांगा लावू लागली. संध्याकाळी सिनेमा लागला तरी घरात बघायला आजी-आजोबाच उरत. मोठ्या दुकानांनी वेबसाइटी काढल्या आणि माझ्याकडे येणे सोडले. अभिमन्यूनेही आमच्या भागासाठी एक वेबसाइट केली आणि तिच्यावर पहिली जाहिरात कुणाची लागली असेल? त्याच गणिताच्या सरांची.

अभिमन्यू वाईट मुलगा नव्हता, मित्रांनो. त्याला आईवडिलांचा धंदा बुडताना दिसत होता आणि तो वाचवायचा होता. एकदा तो वर येऊन म्हणाला, "आई, तू एका जाहिरातीला महिना लावतेस. नेटवर एका दिवसात ढिगाने येतात."

"आणि तू त्या एका दिवसात वापरून बघतोस?"

"वापरायच्या कशाला? लोक बघून घेतील की."

"मग आपण काय बघायचं?" अंबुबाई म्हणाल्या आणि टाइप करत राहिल्या.

पण पट्टी रिकामी पडू लागली होती, हे त्यांनाही दिसत होते. शेवटी अभिमन्यूने एका एजन्सीशी बोलणे केले. ती एजन्सी ईमेलने जाहिराती पाठवणार आणि त्या माझ्यावर चालवायच्या. अंबुबाईंनी हो म्हटले नाही, पण नाहीही म्हटले नाही. तेवढ्यात कोलारहून निरोप आला, की त्यांची बहीण अंगणात घसरून पडली आणि पाय मोडला. नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात त्या बहिणीच्या सेवेला कोलारला गेल्या आणि माझ्यासमोर अभिमन्यू येऊन बसला. त्याची दहाही बोटे चालत. मला इतक्या वेगाची सवय नव्हती.

त्या दिवसांत एक जाहिरात आली. 'घरातल्या जुन्या व्हिडिओ कॅसेट आम्हाला द्या. आम्ही त्या इंटरनेटवर चढवू. तुमची मुले अमेरिकेत घरबसल्या पाहतील. पुन्हा कधी खराब होणार नाहीत, कधी हरवणार नाहीत.' अभिमन्यूने त्या कंपनीची वेबसाइट उघडून पाहिली. तिच्यावर सोफ्यावर बसून हसणारे एक कुटुंब होते. त्याला ती कल्पना मनापासून आवडली. त्याने ती जाहिरात कन्नडमध्ये टाकली, इंग्रजीत टाकली आणि आईची आठवण ठेवून कन्नड अक्षरांत मराठीतही टाकली. मी ती चालवली. मला नाही म्हणता येत नाही. कुणी काय टाइप केले आहे हे मला कळते, ते खरे आहे की नाही हे कळत नाही.

दुसऱ्या दिवशी कृष्णाबाई ब्राउझिंग सेंटरच्या दारात आल्या.

"अभी, ती अमेरिकेची पट्टी बरोबर आहे ना रे?"

"मी वेबसाइट बघितली मावशी. मस्त आहे. रम्याक्का तिथे बसून बघेल."

एवढे पुरले. स्कूटरवरून एक हसतमुख माणूस आला, त्याने छापील कार्ड दिले आणि कापडी पिशवी घेऊन गेला. पिशवी तेवढी परत द्या, असे कृष्णाबाईंनी त्याला दोनदा बजावले.

बहिणीचा पाय धड होऊन अंबुबाई परतल्या, तोवर गणपती तोंडावर आले होते. विसर्जनाच्या दिवशी कृष्णाबाई जिना चढून आल्या, खुर्चीवर बसल्या. हात मोकळे होते.

"यंदा पिशवी नाही?" अंबुबाईंनी विचारले.

"आता ते इंटरनेटवर आहे की. अभीला म्हणावं, लाव." त्यांच्या चेहऱ्यावर मोठे समाधान होते. आपणही जगाबरोबर एक पाऊल टाकले, असे काहीसे.

अभिमन्यू खाली धावला. फोनच्या तारेची किरकिर पत्र्याच्या खोलीपर्यंत ऐकू येत होती. ते पान उघडेना. पुन्हा लावले, पुन्हा उघडेना. कार्डावरचा फोन वाजत राहिला आणि कुणी उचलला नाही. कृष्णाबाई खुर्चीवर बसून होत्या. खाली ढोल वाजू लागले, गणपती निघाले, तरी त्या उठल्या नाहीत. शेवटी अंबुबाईंनी त्यांना हाताला धरून घरी पोचवले. त्या वर्षी पद झाले नाही.

पुढचे मी पाहिले नाही; अंबुबाई विठोजींना सांगत होत्या ते ऐकले. दोघी जणी बसने जे. पी. नगरला गेल्या. कार्डावरचा पत्ता सापडला. शटर अर्धे उघडे, आत रिकामी खोली, भिंतीतून लोंबणाऱ्या तारा. पहारेकरी म्हणाला, "कंपनी बंद झाली अम्मा. सामान भंगारवाल्यानं नेलं." त्या भंगारवाल्याकडे गेल्या. तो कॅसेट फोडून प्लॅस्टिक वेगळे करत असे. कोपऱ्यात उसवलेल्या फितीचा ढीग होता, काळा, चकचकीत. कृष्णाबाई त्या ढिगाशी बसल्या आणि त्यांनी थोडी फीत हातात उचलून बघितली. फितीवर काय दिसणार?

"त्यात कुणाचं लग्न होतं, कुणाचं बारसं," अंबुबाई म्हणाल्या. "आणि आमचं पद. हात लावून ओळखता येईना."

परतताना बसमध्ये कृष्णाबाई एकच वाक्य बोलल्या होत्या. "पट्टीवर होतं म्हणून दिली, अंबू."

त्यांनी दोष दिला नव्हता. पण अंबुबाईंना ते वाक्य इतके लागले की त्या घरी आल्यावर तशाच, चप्पल न काढता, वर आल्या आणि माझ्यासमोर बसल्या. अभिमन्यू दारात उभा राहिला. अंबुबाईंनी त्याच्याकडे बघितले नाही. त्यांनी माझ्या पोटातल्या सगळ्या जाहिराती एकेक करून पुसल्या. प्रतापरावांचा मिक्सर गेला, मानसिंगची पोलकी गेली, आचार्यांची पूजा गेली. मग एका बोटाने, कन्नड अक्षरांत मराठी, त्यांनी लिहायला घेतले.

'पंच्याण्णव सालापासून दर गणपतीत आपल्या चॅनेलवर त्रिविक्रमरावांचे पद लागत होते. कुणी घरी रेकॉर्ड करून ठेवले असेल तर आणून द्या. आमच्या पट्टीवरच्या जाहिरातीमुळे मूळ कॅसेट हरवली. ती जाहिरात मी वापरून पाहिली नव्हती. अंबुबाई.'

विठोजी मागून वाचत होते. "शेवटचं कायला लिहितेस? पट्टीवर पुन्हा कोण भरवसा ठेवेल?"

"ठेवू नये म्हणूनच लिहिते," अंबुबाई म्हणाल्या. मग तेच त्यांनी कन्नडमध्येही लिहिले.

मी ती एकच ओळ चालवत राहिलो. लोक कॅसेट घेऊन येऊ लागले. ज्यांनी ज्यांनी म्हणून कधी काही रेकॉर्ड केले होते, ते सगळे आले. प्रतापरावांच्या कॅसेटवर क्रिकेटची मॅच निघाली. मानसिंगच्या कॅसेटवर त्याच्या पुतण्याचे लग्न. भीमाचार्यांनी आपल्याच कथेची कॅसेट आणली. निदान हिच्यात सगळे अध्याय आहेत, म्हणाले. कृष्णाबाई रोज येऊन खुर्चीवर बसत, प्रत्येक कॅसेट लागताना पुढे वाकत आणि मग मागे टेकत. पुढे पुढे कॅसेट यायच्या थांबल्या. तरी त्या येत.

आमच्याच केबलवर, दोन गल्ल्या पलीकडे, पद्मनाभ आणि अंजली नावाचे जोडपे भाड्याने राहत होते. पुण्याहून नोकरीसाठी आलेले. पद्मनाभला कन्नड येत नसे. अंजलीने मात्र बसच्या पाट्या वाचता याव्यात म्हणून नुकतीच अक्षरे शिकून घेतली होती. अक्षरे येत, भाषा येत नसे. पाट्या असोत की पट्टी, जे दिसेल ते ती सरावासाठी मोठ्याने वाचायची. एका संध्याकाळी तिने टीव्हीवरची माझी ओळ एकेक अक्षर जोडत वाचायला घेतली आणि मध्येच थांबली.

"अहो, मी कन्नड वाचतेय आणि मला समजतंय."

"काय सांगतेस, एवढ्यात शिकलीस?"

"नाही हो. हे मराठीच आहे."

हे तिने नंतर वर येऊन स्वतः सांगितले. बेंगळुरूतल्या पहिल्याच गणपतीत पद्मनाभला घरची फार आठवण येत होती. टीव्हीवर अचानक मराठी गाणे ऐकू आले, म्हणून त्याने धावत जाऊन व्हीसीआरचे बटण दाबले होते. ती कॅसेट माळ्यावर होती. पुढे कधीतरी तिच्यावर सिनेमा रेकॉर्ड केला होता, हेही त्याला आठवत होते. "काही उरलंय की नाही, सांगता येत नाही मावशी," तो कृष्णाबाईंना म्हणाला. त्या खुर्चीत पुढे वाकून बसल्या.

विठोजींनी कॅसेट लावली. आधी नुसत्या रेघा. मग पेटीचा सूर आला, आणि त्रिविक्रमराव.

खोलीत सगळे होते. अभिमन्यू दारातच होता, आत यायचे धैर्य त्याला झाले नव्हते. त्रिविक्रमराव गात होते, 'स्वल्प थांब रे देवा, स्वल्प थांब.' आवाज थोडा घोगरा झाला होता, पण त्यांचाच होता. मी आनंदाने बघत होतो, आणि मग मला ते दिसले.

ही कॅसेट घरच्या टीव्हीवरून भरलेली. म्हणजे तिच्यावर मीही होतो. पडद्याच्या तळाशी, ठळक, रुंद, निळी पट्टी. आणि तिच्यावरून प्रतापरावांचा मिक्सर सरकत चालला होता. जिथे कृष्णाबाई बसल्या होत्या, बरोबर तिथे. त्यांचा चेहरा नाही, हात नाहीत, झांजा नाहीत. पट्टीच्या वर अबोलीच्या गजऱ्याची एक कडा तेवढी दिसत होती. झांजांचा आवाज येत होता, आणि वाजवणारी माझ्या मागे होती.

त्रिविक्रमरावांनी गाता गाता खाली बघितले. डोळ्यांनी विचारले, ताल बरोबर आहे ना? पडद्यावर ते मिक्सरच्या जाहिरातीलाच विचारत होते.

"अरेरे," विठोजी हळूच म्हणाले. अंबुबाईंनी तोंडाला पदर लावला.

कृष्णाबाई मात्र उठून टीव्हीजवळ गेल्या. त्यांनी निळ्या पट्टीवर, गजऱ्याच्या खाली, बोट टेकवले.

"इथे मी आहे," त्या म्हणाल्या. आणि त्यांनी मान हलवली, दर वर्षी हलवत तशी.

'अजून जळते वात, स्वल्प...' एवढेच झाले आणि चित्र फाटल्यासारखे होऊन कुठल्याशा सिनेमाची मारामारी सुरू झाली. पुढचे पद गेले ते गेलेच. बराच वेळ कुणी टीव्ही बंद करेना. मग अभिमन्यू आत आला, त्याने कॅसेट मागे नेली आणि न सांगता पुन्हा लावली. कृष्णाबाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याने मान वळवली, डोळे पुसताना आम्हाला दिसू नये म्हणून.

"पुढचं तुम्हाला येत असेल ना?" अंजलीने विचारले.

"शब्द येतात बाई," कृष्णाबाई म्हणाल्या. "आवाज त्यांचा होता."

विठोजींनी दोन व्हीसीआर जोडून तेवढ्याच तुकड्याच्या प्रती काढल्या. एक अंबुबाईंच्या कपाटात आहे, एक कृष्णाबाईंच्या नव्या पिशवीत. एक पद्मनाभने कामासाठी अमेरिकेला जाताना रम्यासाठी नेली. तिकडची यंत्रे निराळी असतात, ती चालेल की नाही कोण जाणे. चालली, तर लेकीला वडील दिसतील. आई तिला गजऱ्याच्या कडेएवढी दिसेल.

अंबुबाईंनी त्यानंतर माझ्यावर एकही ओळ लिहिली नाही. त्यांनी माझी तार काढली, कळा ओल्या फडक्याने पुसल्या आणि जुन्या लुगड्याचा तुकडा माझ्यावर टाकला. अभिमन्यूच्या वेबसाइटवर आता निम्म्या जाहिरातींखाली 'हे मी वापरून पाहिलेले नाही' असे लिहिलेले असते म्हणे. गणिताचे सर त्याच्यावर भयंकर रागावले आहेत. खालून फोनच्या तारेची किरकिर येते, पोरांचे हसणे येते. मला त्या नव्या यंत्रांचा राग नाही. त्यांनाही माझ्यासारखेच नाही म्हणता येत नाही. त्यांच्यासमोर कुणी अंबुबाई बसल्या तर तीही चांगलीच चालतील.

पण मित्रांनो, लुगड्याखालच्या अंधारात मला तो गजरा सारखा दिसतो. विसर्जनाच्या त्या पहिल्या संध्याकाळी पद संपेपर्यंत माझी पट्टी थांबवली असती, स्वल्पच, तर रम्याला दोघे दिसले असते. तेव्हा कुणाच्या मनात आले नाही, कारण मूळ कॅसेट होती आणि ती कायमच राहील असे सगळ्यांना वाटत होते. म्हणून तुमच्याकडे एवढेच मागतो. घरात अशी एकच एक वस्तू असेल, तर कितीही गोड जाहिरात आली तरी ती अनोळखी हातात देऊ नका. आधी तिची एक प्रत काढून ठेवा. तुम्ही मोठे व्हाल, माझ्याहून शहाणी यंत्रे चालवाल, जगाला नाना गोष्टी दाखवाल. तेव्हा चित्राच्या तळाशी कोण बसले आहे ते आधी वाकून पाहा, आणि मगच आपली पट्टी लावा.